दोन गुंजा पूड

सोमवार, ८ जानेवारी

लॅबच्या वहीत तारीख, तापमान आणि आकडे लिहायचे असतात. 'शी' लिहायला तिथे रकाना नाही. म्हणून ही दुसरी वही.

सकाळी पावणेसातला विठ्ठलवाडीला, दौलतच्या मटणाच्या दुकानात. दीड वर्ष आठवड्यातून दोनदा जातेय, पण त्या वासाची सवय होत नाही ती नाहीच. ओली कातडी, आतडी, फिनेल, आणि त्यात दौलतने लावलेली मोगऱ्याची उदबत्ती. उदबत्तीनेच जास्त मळमळतं. माणूस चांगला आहे, पण रक्ताळलेल्या हातानेच "ताई, चहा घ्या" म्हणून ग्लास पुढे करतो. नाही म्हटलं तर त्याचं तोंड पडतं. आज घेतला. चहावर चरबीचा तवंग होता, किंवा मला तसं वाटलं.

शेळीची अंडाशयं तो माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतो. वालाच्या दाण्याएवढी, गुलबट. "ताई, याचं नक्की करता काय?" आजही विचारलं. मी म्हटलं, अभ्यास. म्हणाला, "आमच्याकडे कुत्रं पण खात नाय."

तर अभ्यास हा असा. अंडाशयावरचे बारीक फोड सुईने फोडायचे, आतल्या पाण्यातल्या पेशी काचेच्या डिशमध्ये वाढवायच्या. एका डिशमध्ये कोबाल्ट घालायचं, एकीत निकेल, एकीत कॅडमियम, अगदी सुईच्या टोकावर मावेल इतकं. कशाने पेशी वाढतात, कशाने मरतात, ते मोजायचं. आणि एका डिशमध्ये काहीच घालायचं नाही. ती कंट्रोल. ती जगलीच पाहिजे. ती जगली, तरच बाकीच्यांच्या मरण्याला काही अर्थ.

ती मेली. सलग तिसऱ्यांदा. मेलेल्या पेशी रंग घातला की निळ्या होतात. सूक्ष्मदर्शकाखाली नुसता निळा बाजार. जूनमध्ये प्रबंध द्यायचाय आणि नाताळानंतर सुरू केलेल्या या मुख्य प्रयोगाला एक धड कंट्रोल नाही.

अकरा वाजता पूड घेतली. हे लॅबच्या वहीतच काय, सौमित्रलासुद्धा सांगितलेलं नाही. नवरा म्हणून तो गरीब आहे, पण हसेल, आणि ते हसणं मला सहन होणार नाही. पाच वर्षं झाली लग्नाला. क्लिनिकमध्ये दोनदा प्रयत्न करून झाले, दोन्ही फसले. मग दिवाळीनंतर आई ठाण्याहून उठून शीळफाट्याच्या पलीकडे कुठल्या धाकूबुवाकडे गेली आणि वर्तमानपत्राच्या कागदातल्या पुड्या घेऊन आली. जडीबुटी आहे म्हणे. दोन गुंजा मधातून, दुपारच्या आत. पाळीचे चार दिवस बंद, एवढं एकच पथ्य. राखाडी रंगाची आहे, मधात कालवली की गटारातला गाळ दिसतो. जुनं नाणं चोखल्यासारखी चव दुपारपर्यंत तोंडातून जात नाही. पीएच.डी. करणारी बाई मी, आणि नाक दाबून गाळ चाटते.

पण निदान मोजून तरी चाटते. आईचं 'चिमूटभर' मला जमत नाही. लॅबच्या छोट्या तराजूवर बरोबर पाव ग्रॅम. मग चमचा टिश्यूने स्वच्छ पुसला आणि लगेच त्याने पेशींच्या मीडियमसाठी, म्हणजे त्यांच्या जेवणासाठी, सोडा घेतला. बाटलीत चमचा मी कधीच घालत नाही. आधी कागदावर ओतून घेते. एवढी काळजी आमच्या डिपार्टमेंटमध्ये दुसरं कोणी घेऊन दाखवावं.

गुरुवार, १८ जानेवारी

परवा पाळी आली.

सौमित्र बाथरूमबाहेर उभा. "काय झालं?" "काही नाही." त्याला कळलं. त्याने खिचडी टाकली, त्यातही मीठ विसरला.

मला रक्ताची किळस येत नाही. दौलतकडे बादलीने बघते. या एका रक्ताची येते. दर महिन्याला ते मला तोंडावर सांगून जातं की याही खेपेला नाही. कपडे भिजवताना ओकारी आली.

काल पोट धरून लॅबला गेले. विमलाबाईंनी न विचारता ओव्याचा चहा आणून ठेवला. त्या आमच्या लॅबच्या मदतनीस. सव्वीस वर्षं काचसामान धुतायत, चमच्यापासून डिशपर्यंत सगळं रोज संध्याकाळी. कोणाची अडचण कधी आहे हे त्यांना चेहऱ्यावरून कळतं. मला हे अजिबात आवडत नाही, पण चहा प्यायले.

आणि कालची कंट्रोल आज जिवंत! तळाला चिकटून मस्त पसरल्यात पेशी. निळं औषधालाही नाही. आनंद व्हायला हवा होता. झाला, पण शेळीचं अंडाशय कापून काचेत ठेवलं तरी जगतं आणि माझं आहे तिथे आहे ते काही करत नाही, असा एक घाणेरडा विचारही आला.

रविवार, २८ जानेवारी

गुरुवारची कंट्रोल मेली.

आज बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू. डोंबिवलीत संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत एकही जिना सुटत नाही. वाण म्हणून प्लॅस्टिकची चहाची गाळणी. तिसऱ्या मजल्यावरच्या एमा आंटी नुसत्या शेजारधर्म म्हणून आल्या होत्या, त्यांनी काही विचारलं नाही. बाकी सगळ्यांनी विचारलं. "यंदा पेढे ना?" एकीने माझ्या पोटाकडे बघूनच विचारलं. मी म्हटलं, "हो, सौमित्रचं प्रमोशन आहे." तिचं तोंड बघण्यासारखं झालं. घरी येऊन गाळणी फेकून दिली आणि मग कचऱ्यातून काढून धुतली. चांगली होती.

सोमवार, ५ फेब्रुवारी

पुन्हा मेल्या. आता बास. मीडियम नवीन, सोड्याची बाटली नवी, शेळ्या दौलतच्या त्याच. मग उरलं काय? काचसामान. विमलाबाई साबण नीट धूत नसणार. सव्वीस वर्षं झाली की माणूस सैल पडतोच. मी तोंडावर विचारलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, सात पाण्यांनी धुते मी. तुमचा तो चमचासुद्धा रोज घासते. राखाडी काहीतरी चिकटलेलं असतं त्याच्या बेचक्यात."

उलट उत्तर! मी सरळ चांगदेव सरांना लेखी दिलं. सर माझे गाइड आणि आमचे विभागप्रमुख. दुपारी विमलाबाईंना मेमो मिळाला आणि त्यांची बदली म्युझियमच्या खोलीत झाली. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. नाही तर नाही.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

मंगळवारी पाळी. बुधवारची कंट्रोल जिवंत. म्हणजे विमलाबाई गेल्याचा फायदा झाला, असं मी समजते.

सरांना दाखवायला गेले. बडीशेप चघळत म्हणाले, "मग झालं की! ही घे. जानेवारीतली ती एक घे."

"पण सर, मधल्या सगळ्या मेल्यात."

"रसिका, जगातली कुठली लॅब सगळ्या डिश छापते? जी जगली ती कंट्रोल. बाकीच्या झाल्याच नाहीत."

बोलताना बडीशेपेचा एक दाणा उडून माझ्या वहीवर पडला. त्यांनी तो बोटाने उचलून परत तोंडात टाकला. मी "बघते सर" म्हणाले आणि बाहेर आले. नाही म्हणायला काय झालं होतं मला? त्या दाण्यापेक्षा माझीच जास्त किळस आली.

बुधवार, २८ फेब्रुवारी

विज्ञान दिन. सर स्टेजवर मुलांना सांगत होते, प्रश्न विचारा, शंका घ्या. मी मागच्या रांगेत बसून नखं खात होते. सकाळीच कंट्रोल बघून आलेले. मेलेली. आणि या वेळी डिश, बाटल्या, पिपेटा सगळं मी माझ्या हाताने धुतलंय. साबणाने बोटांची सालं निघाली. चमचा तेवढा नेहमीसारखा टिश्यूने.

म्हणजे विमलाबाईंचा दोष नव्हता. हे लिहायला मला दोन तास लागले. अर्ज मागे घ्यायला पाहिजे. उद्या घेते.

बुधवार, १३ मार्च

उद्या उद्या करत पंधरा दिवस गेले, अर्ज तसाच आहे.

काल पाळी. आज पोट धरून जिन्यात बसलेले, तर वरून विमलाबाई आल्या. माझ्या डोक्यावरून बघत म्हणाल्या, "आज पेशी लावून घ्या मॅडम. जगतील."

"तुम्हाला काय माहीत?"

"तुमची अडचण असते तेव्हाच जगतात. जानेवारीत ओव्याचा चहा दिला, तेव्हा तुम्ही खुशीत होतात. गेल्या महिन्यात पण तुम्ही गरम पिशवीने पोट शेकत बसलेलात आणि सर म्हणाले, कंट्रोल आली. एरवी मरतात. मी अडाणी आहे, पण बघते सगळं."

डोकंच फिरलं माझं. आयुष्यभर ऐकलं, या दिवसांत लोणच्याला हात लावू नको, तुळशीला पाणी घालू नको, सगळं नासतं. आता ही बाई उलटं सांगतेय की माझ्या विटाळाने पेशी जगतात! शी! शास्त्राच्या लॅबमध्ये असलं काही? मी म्हटलं, "बाई, तुम्ही म्युझियमच सांभाळा." त्या गेल्या.

चिडून पेशी लावल्या. उद्या मरोत आणि हिचं तोंड बंद होवो.

शुक्रवार, १५ मार्च

जगल्या.

दोन दिवस जुन्या नोंदी काढून बसले. कॅलेंडरवर पाळीच्या तारखांना मी लाल टिकल्या करते, पाच वर्षांची सवय. लॅबची वही शेजारी ठेवली. टिकली असेल तिथे कंट्रोल जिवंत. टिकली नसेल तिथे मेलेली. एकही अपवाद नाही. बाईंनी वही न उघडता जे बघितलं, ते मला तीन महिने दिसलं नाही.

मग म्हटलं, विटाळबिटाळ सोड. त्या चार दिवसांत मी वेगळं काय करते? पोट शेकते. ओव्याचा चहा. लवकर घरी. आणि

पूड घेत नाही.

बॅलन्स रूममध्ये गेले. चमचा खिडकीपाशी उजेडात धरला. दांडा आणि पातं जुळतं त्या बेचक्यात एक राखाडी रेघ. टिश्यू तिथे पोचतच नाही. ती घासायला विमलाबाई लागतात, आणि त्यांना मी हाकललेलं. त्यासुद्धा घासायच्या त्या संध्याकाळी. वाळून बसलेली पूड सुटत नाही, ताजी झडते, आणि मी पूड मोजल्यावर पाचव्या मिनिटाला सोडा घ्यायचे. दोन-चार कण गेले असतील डिशमध्ये. एवढ्याने पेशी मेल्या. आणि मी रोज पाव ग्रॅम.

बेसिनमध्ये ओकले. पोटात काही नव्हतं, तरी ओकत राहिले.

मंगळवार, १९ मार्च

अंदाजाने काही करायचं नाही, असं मीच म्हणते ना? काल सकाळी दौलतकडे गेले, अंडाशयं आणली. नवा चमचा. पाच डिशमध्ये काही नाही, पाच डिशमध्ये पुडीतली पूड, चमच्याला चिकटत होती तेवढीच.

आज काही न घातलेल्या पाचही जिवंत. पुडीच्या पाचही निळ्या. कॅडमियमच्या डिशसुद्धा इतक्या निळ्या झालेल्या नाहीत कधी.

आईला फोन केला.

"अगं, जडीबुटी आहे ती."

"आई, त्यात धातू आहे. विष आहे. ज्या पेशींनी मूल होतं त्याच मरतायत."

"असं कसं? तांब्याचं पाणी पितोच की आपण."

मी ओरडले. कोणालाही न विचारता कसलीही घाण पोरीच्या तोंडात घालता, असं काहीबाही बोलले. ती म्हणाली, "चार तास उन्हात बसलेले गं मी तिथे. तुझा नंबर लागावा म्हणून." तिने दिली हे खरं, पण मीच मोजून घेतली, मिलिग्रॅमपर्यंत. एकदाही तपासली नाही. तपासायचं सगळं सामान माझ्या टेबलावर होतं.

संध्याकाळी सौमित्रला सगळं सांगितलं. तो हसला नाही. उठला, लॅपटॉपच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यातून वर्तमानपत्राच्या कागदातली पुडी काढून टेबलावर ठेवली. "आई म्हणाल्या, रसिकाला सांगू नका, पुरुषांची वेगळी असते." गेले चार महिने तोही ऑफिसच्या पँट्रीत मध लपवून चाटतोय. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो, आणि हसता हसता मला रडू आलं ते थांबेचना.

मंगळवार, २ एप्रिल

सरांना लेखी दिलं. कंट्रोल कशाने मेल्या, कोणी मारल्या, सगळं. सर्व नोंदी बाद, प्रयोग पहिल्यापासून. प्रबंध एक वर्ष पुढे.

सर घाबरे झाले. "पुडीबिडी लिहू नकोस! कॉलेजची अब्रू जाईल. पाळीच्या दिवसांतल्या डिश तर चांगल्या आहेत ना? तेवढ्या घे."

"नाही सर."

केवढा छोटा शब्द, आणि तो म्हणायला मला दीड महिना लागला.

अर्ज मागे घेतला. मग म्युझियमच्या खोलीत गेले. फॉर्मालिनचा वास डोळ्यांत घुसतो. सापाच्या बरण्यांशेजारी विमलाबाई डबा खात होत्या. चपाती आणि सुकी भाजी, एका हाताने नाकाला पदर. मी सगळं सांगितलं. पुडीचंसुद्धा.

"माफ करा मला," म्हटलं.

त्यांनी घास गिळला. "दोन महिने मी हा वास जेवतेय मॅडम. माफ केलं म्हणायला मला थोडे दिवस द्या."

बरोबर आहे.

मंगळवार, ९ एप्रिल

पाडवा. आज तारीख होती. पाळी नाही.

आई श्रीखंड घेऊन आली, तिला तारीख पाठ असते. मी काही बोलले नाही, तरी तिचा चेहरा फुलला. "बघ! गुण आला की नाही?" मी म्हटलं, आई, गप्प बस. पण खरं तेच लिहायचं तर, क्षणभर मलाही वाटलं, असेल गुण.

शनिवार, २० एप्रिल

दोनदा टेस्ट केली. दोन्ही वेळा एकच रेघ. मूल नाही, आणि पाळीही नाही.

डॉक्टरांकडे रक्त दिलेलं, त्याचा रिपोर्ट आला. शिसं मर्यादेच्या कितीतरी वर. पारासुद्धा. सौमित्रचंही तसंच, जरा कमी. पुडी त्यांनी चिमट्याने धरली आणि पिशवीत बांधून तक्रारीसाठी ठेवून घेतली. मला विचारलं, "तुम्ही काय करता?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. शरमेने मेले मी.

औषधं सुरू झाली, रक्तातून धातू काढायची. मूल वगैरे आता वर्षभर नाही. मी विचारलं, वर्षानंतर तरी? तर म्हणाले, "अंडाशय दमलंय की संपलंय, हे आज मी सांगू शकत नाही. औषधाने ओढूनताणून पाळी आणण्यात अर्थ नाही. आपली आपण आली, तर समजा काम चालू आहे. वाट बघा."

बघा, पाच वर्षं जी नको होती तिचीच वाट बघणं आलं नशिबी. आईलाही तेच कळवलं.

गुरुवार, २ मे

एक्कावन्न दिवस. कॅलेंडरवर टिकली नाही. दर तासाला बाथरूमला जाऊन बघते. काही नाही. ऑफिसातून सौमित्र फोन करतो आणि "जेवलीस का?" एवढंच विचारतो. मी जेवले म्हणते.

रोजच्या कंट्रोल आता जगतायत. सगळ्याच्या सगळ्या. दौलतच्या शेळ्यांचं उत्तम चाललंय.

शनिवार, ४ मे

साडेदहाला सूक्ष्मदर्शकावर होते. मोजणी अर्धी झालेली. कमरेत कळ आली, ओळखीची. मी जागची हलले नाही. नसलं तर? मोजणी पुरी केली, आकडा लिहिला, मगच उठले.

लाल होतं. चांगलं लाल, भरपूर.

कॉलेजच्या त्या कळकट बाथरूममध्ये, तुटक्या कडीला टाच लावून, मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. अजिबात किळस आली नाही. पाच वर्षं जे बघून ओकारी यायची तेच हे. बाहेरून विमलाबाईंनी दार वाजवलं, "मॅडम, बऱ्या आहात ना?" परवाच त्या लॅबमध्ये परत आल्यात. माफ केलं असं अजून म्हणाल्या नाहीत. मी दार उघडलं, त्यांनी माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता ओव्याचा चहा टाकायला गेल्या.

सौमित्रला फोन केला, तो मीटिंगमधून उठून बाहेर आला. मग आईला केला. "आली," एवढंच म्हटलं.

पाच वर्षं या शब्दावर ती "जाऊ दे गं" म्हणत आलीय. आज म्हणाली, "थांब, देवापुढे साखर ठेवते."